वेबसाइटला स्पायरल बाइंडिंग

गेल्या पावसाळ्यात येवल्यात एका गाडीवर शेंगदाणे घेतले. पुडी सोडली तर कागदावर निळ्या शाईत लिहिलेलं: ‘पाठ टाचण क्र. १४. हेतुकथन : विद्यार्थी मित्रांनो, आज आपण सरासरी या घटकाचा अभ्यास करणार आहोत.’ खाली लाल शाईत सही.

अक्षर माझं नव्हतं, वाक्य मात्र माझं होतं. खरं सांगायचं तर तेही माझं नव्हतं. बी.एड.च्या पहिल्या वर्षी मी ते एका सीनियर ताईच्या फाइलमधून उतरवलं होतं. तिने तिच्या सीनियरच्या फाइलमधून उतरवलं असणार. तिच्याही आधी कुणी तरी. ते वाक्य पहिल्यांदा कुणी लिहिलं आणि कुठल्या वर्गाकडे बघून लिहिलं, हे आता कुणालाच माहीत नाही. शेंगदाणे खाऊन कागद मी घडी घालून पर्समध्ये ठेवला. हा लेख त्या कागदाचं उत्तर आहे.

तुमच्यापैकी कुणी बी.एड. किंवा डी.एल.एड. केलं असेल, करत असाल, किंवा घरात कुणी करत असेल, तर पुढचं चित्र तुमच्या ओळखीचं आहे. सूक्ष्म अध्यापनाची फाइल, सेतुपाठाची फाइल, सराव पाठांच्या वह्या, निरीक्षण वही, कृतिसंशोधनाचा अहवाल, छात्रसेवाकालाची दैनंदिनी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं. शाळेतले २० आठवडे सक्तीचे केले, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हेतू चांगला होता. शिक्षक वर्गात घडतो, कॉलेजच्या बाकावर नाही, हे त्यात मान्य केलेलं होतं. प्रत्यक्षात वर्ष दुप्पट झालं आणि फायलीही दुप्पट झाल्या. कापडी पट्टीची फाइल, वर ट्रेसिंग पेपरची फुलं, आत सुंदर अक्षर. अक्षर सुंदर नसेल तर बहिणीचं. बहीण नसेल तर पैसे देऊन दुसऱ्याचं. तोंडी परीक्षेच्या दिवशी टेबलावर फायलींचा डोंगर उभा राहतो, परीक्षक वरची दोन पानं उलटतात, सही होते. वर्षभराने तोच डोंगर रद्दीच्या काट्यावर चढतो.

माझे वडील हातमागावर पैठणी विणतात. आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजोबांच्या वेळचे नक्षीचे कागद आहेत: चौकटी पाडलेले, कडा झिजलेले, काहींवर हळदीचे डाग. मोर कसा बसवायचा, कुठल्या ओळीत किती धागे घ्यायचे, ते सगळं त्यावर आहे. शेजारच्या गल्लीतला विणकर येतो, कागद मागतो, वडील देतात, तो आणून देतो. कधी कधी त्यात एखादी सुधारणा करून आणतो. शाळेची पायरी फार न चढलेल्या माणसांनी आपल्या धंद्याचं ज्ञान तीन पिढ्या जपलं. आणि आम्ही? ज्ञान कसं द्यायचं याचंच शिक्षण घेणारे आम्ही पदवीधर, आमचं दोन वर्षांचं काम शेंगदाण्याच्या पुडीपर्यंत पोहोचवतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक छात्राध्यापकाचं सगळं काम त्याच्या स्वतःच्या एका साध्या वेबसाइटवर असलं पाहिजे. पहिल्या दिवसापासून, युनिकोड मराठीत, इतरांना वाचता येईल असं. आणि त्यानंतर हाताने लिहिलेल्या त्याच मजकुराची फाइल मागणं बंद झालं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, वेबसाइट तर अभ्यासक्रमात आलीच आहे की. आली आहे. ती कशी आली ते सांगते.

२०१४ च्या आराखड्यात शिक्षकाच्या व्यावसायिक क्षमता वाढवणारे चार छोटे कोर्स आहेत. त्यातला तिसरा माहिती तंत्रज्ञानाच्या ‘चिकित्सक आकलना’चा. चिकित्सक हा शब्द लक्षात ठेवा. आमच्या कॉलेजात या कोर्सचं प्रात्यक्षिक होतं: ‘फुकट साधन वापरून वेबसाइट तयार करा.’ आम्ही गूगल साइट्स वापरलं. जीमेल असलेल्या कुणालाही ते फुकट मिळतं, कोड लिहावा लागत नाही, मजकूर, फोटो, व्हिडिओ, ड्राइव्हमधल्या फायली ओढून ठेवायच्या की पान तयार. वर्गातल्या बहुतेकांनी दोन तासांत ‘माझ्या वेबसाइटवर आपले स्वागत आहे’ असं पान बनवलं. मागे सूर्यास्त, मध्ये स्वतःचा फोटो, खाली एक सुविचार. झाली वेबसाइट.

आम्ही पाच जणींनी मात्र ठरवलं की दुसऱ्या वर्षाचे १६ आठवडे खरंच त्यावर मांडायचे. आमची शाळा तालुक्यातल्या एका गावात होती. येवला तालुका म्हणजे पाऊस कमी आणि कांदा भरपूर. मला सहावी-सातवीचं गणित मिळालं होतं. सरासरी शिकवायची होती. फाइलमधल्या पाठात क्रिकेटच्या धावा होत्या, वर्षानुवर्षं त्याच धावा. मी एका मुलाला म्हटलं, घरून कांद्याची हिशोबपट्टी आण. दुसऱ्या दिवशी सात मुलांनी पट्ट्या आणल्या. फळ्यावर सात भाव लिहिले, बेरीज केली, भागाकार केला, सरासरी भाव आला. मला वाटलं, पाठ झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, पण हा भाव तर कुणालाच मिळाला नाही.”

खरंच होतं. सातपैकी एकाही पट्टीवर तो आकडा नव्हता. सरासरी म्हणजे काय हे मला बी.एस्सी.त जितकं कळलं नव्हतं तितकं त्या वाक्याने कळलं. बाजार समितीच्या बातमीत छापून येणारा सरासरी भाव आणि बापाच्या हातात पडलेले पैसे यांत फरक का असतो, यावर पुढचे दोन तास गेले. मुलांनी मध्यक शोधून काढला, नाव न शिकवता.

आता मला सांगा, टाचणाच्या छापील चौकटीत हे वाक्य कुठे लिहायचं? ती चौकट कुठून आली ते आम्हाला पाठ होतं: एकोणिसाव्या शतकातल्या हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या शिष्यांनी घालून दिलेली पंचपदी. प्रस्तावना, हेतुकथन, विषय-विवेचन, संकलन, उपयोजन. त्यात शिक्षकाने काय विचारायचं त्याचा रकाना आहे. विद्यार्थ्याने काय उत्तर द्यायचं त्याचाही रकाना आहे, आणि तो पाठ होण्याच्या आदल्या रात्रीच भरायचा असतो! मुलगा जे खरोखर बोलला त्याला रकाना नाही. वेबसाइटवर जागा होती. मी पाठाच्या खाली ‘वर्गात काय झालं’ असा भाग केला आणि ते वाक्य तिथे लिहिलं. माझ्या मैत्रिणीने ममदापूरच्या काळविटांवर अन्नसाखळीचा पाठ मांडला, कारण तिच्या वर्गातल्या मुलांनी वाघ पाहिलेला नव्हता, काळवीट मात्र रोज शेतात उभं. दुसरीने इतिहासाचा पाठ येवल्यावरच घेतला: १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी जिथे धर्मांतराची घोषणा केली ते गाव आपलंच, हे वर्गातल्या किती मुलांना माहीत आहे, इथून सुरुवात करून. तिसरीने पैठणीच्या काठावरून सममिती शिकवली. प्रत्येक पाठाखाली ‘काय फसलं’ हेही लिहायचं, असा आमचा नियम होता. सगळ्यात जास्त मजकूर तिथेच जमला.

एकमेकींचे पाठ आम्ही रात्री फोनवर वाचायचो. सोमवारी फसलेला पाठ दुसरी गुरुवारी दुरुस्त करून घ्यायची. दोन वर्षांत पहिल्यांदा असं झालं की मी दुसऱ्याचा पाठ उतरवायला नाही, शिकायला वाचला.

मग सबमिशनचा दिवस आला. आम्ही लिंक दिली. समोरच्यांनी विचारलं, “ती ठीक आहे, पण फाइल कुठे?” आम्ही म्हटलं, सर, यावर सगळं आहे. उत्तर आलं, “प्रिंट काढा, स्पायरल करून आणा. तपासणीला दाखवायला काहीतरी लागतं.”

आम्ही प्रिंट काढल्या. झेरॉक्सवाल्याने रंगीत पानाचे दहा रुपये लावले. व्हिडिओच्या जागी काळा चौकोन आला, मधोमध पांढरा त्रिकोण. लिंका निळ्या, अधोरेखित, कागदावर. वर पारदर्शक प्लॅस्टिक, मागे काळा पुठ्ठा, कडेला स्पायरल. वेबसाइट बाइंड झाली. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी पान उलटता उलटता एका निळ्या लिंकवर नकळत बोट ठेवलं आणि क्षणभर थांबले. आम्ही हसलो नाही. मार्क मिळाले, पंचवीसपैकी तेवीस. सूर्यास्तवाल्यांनाही तेवीसच.

ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगते तेव्हा लोक हसतात. मला मात्र आता हसू येत नाही, कारण पुढचा भाग आहे. साइट आम्ही कॉलेजने दिलेल्या मेल खात्यावर बांधली होती. निकाल लागला, काही महिन्यांनी जुन्या बॅचची खाती बंद झाली. एके दिवशी एका ज्युनियरचा मेसेज आला: “ताई, तुमची साइट उघडत नाहीये.” पाच जणींचे १६ आठवडे एका दुपारी गेले. रद्दीवाल्याने किमान किलोचा भाव दिला असता.

चूक कॉलेजची होती तितकीच आमचीही होती. ‘चिकित्सक आकलन’ नावाच्या कोर्समध्ये आम्हाला पार्श्वभूमीचा रंग बदलायला शिकवलं. हे खातं कुणाच्या मालकीचं, ते बंद झालं तर काय, प्रत कुठे ठेवायची, हे शिकवलं नाही. आणि आम्हीही विचारलं नाही. खरं तर हा इतिहास जुना आहे. लोकांनी हौसेने बांधलेली जिओसिटीजची पानं २००९ मध्ये बंद झाली. जगभरचे शिक्षक ज्यावर वर्गाची पानं चालवत ते विकीस्पेसेस २०१८ मध्ये बंद झालं. गूगलने स्वतःच्याच जुन्या साइट्स मोडीत काढून लोकांना नव्यावर हलायला लावलं. फुकट जागा म्हणजे भाडेकरूची जागा. घरमालक चांगला असला तरी घर त्याचंच.

म्हणून वेबसाइट नको, असा निष्कर्ष काही जण काढतील. मी काढत नाही. स्वतःच्या खात्यावर बांधा, मूळ मजकूर साध्या फायलींमध्ये वेगळा ठेवा, सहा महिन्यांनी एकदा सगळं उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. वडिलांच्या पेटीला कुलूप आहे, पण किल्ली त्यांच्याकडे आहे. मुद्दा एवढाच.

आता आक्षेप घेऊ, कारण ते खरे आहेत.

पहिला: सगळं उघड्यावर ठेवलं तर कॉपी वाढेल. अहो, आज काय कमी आहे? फरक इतकाच की आजची कॉपी अंधारात होते. मी ज्या ताईचं वाक्य उतरवलं तिचं नाव माझ्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. वेबसाइटवर ‘हा पाठ अमुकच्या पाठावरून घेतला, माझ्या वर्गासाठी एवढा बदलला’ असं लिहून खाली लिंक देता येते. मग ती कॉपी राहत नाही, परंपरा होते. पेटीतल्या कागदावर शेजारच्या विणकराने केलेल्या सुधारणेसारखी.

दुसरा: आता पाठ टाचण एआय लिहून देतं, वेबसाइट काय नि वही काय. मान्य. आदर्श पाठ टाचण आता कुणीही तीस सेकंदांत काढेल. म्हणजेच आदर्श पाठ टाचणाची किंमत शून्य झाली, आणि आपण अजून त्यालाच मार्क देतो आहोत. मागच्या बाकावरचा तो मुलगा काय म्हणाला हे मात्र यंत्राला माहीत नाही. ते त्या दिवशी त्या वर्गात असलेल्या माणसालाच माहीत आहे. मार्क त्याला द्या.

तिसरा: सगळ्यांकडे लॅपटॉप नाही. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. फोनवर गूगल साइट्स वाचता येतं, पण धड बांधता येत नाही. ब्राउझर डेस्कटॉप मोडवर टाकून बोटाने चौकटी ओढत बसायचं म्हणजे मागावर एका हाताने विणण्यासारखं. आमच्यात एकीकडेच लॅपटॉप होता. पण कॉलेजात संगणक कक्ष असतो. तो तपासणी समितीपुरता उघडायचा नसतो, रोज उघडा ठेवायचा असतो. शिवाय फोनवरून लिहायचंच असेल तर ब्लॉगर किंवा वर्डप्रेससारखी साधनं त्याला बरी. सुंदर दिसणं हे ध्येयच नाही. शीर्षक, तारीख, इयत्ता, घटक, मजकूर. बास.

इथे एक खास मराठी अडचण आहे. आमच्या निम्म्या फायली टायपिंगच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांचा चिवडा होतो. मग लोक काय करतात, कागदाचे फोटो काढतात आणि पीडीएफ चढवतात. त्या पीडीएफमध्ये ‘सरासरी’ शोधा, सापडणार नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ते चित्र आहे. शोधता येत नाही ते असून नसल्यासारखं. फोनवर मराठी कीबोर्ड तुमच्या सगळ्यांकडे आहे, बोलून टाइप करण्याची सोय आहे. तुम्ही रोज रात्री ग्रुपवर जितकं लिहिता तितकं रोज पाठाखाली लिहिलंत तरी दोन वर्षांत एक पुस्तक होईल.

चौथा आक्षेप कुणी घेत नाही, म्हणून मीच घेते. मुलांचे फोटो. छात्रसेवाकालात ‘पुरावा’ म्हणून आम्ही मुलांचे शेकडो फोटो काढले. नाव, इयत्ता, गाव सगळं ओळखू येईल असे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा बाजूला ठेवा. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या हिशोबपट्टीवर त्याच्या वडिलांचं नाव आणि त्यांना मिळालेली रक्कम होती. ती फळ्यावर लिहिणं एक, जगापुढे मांडणं दुसरं. आमच्या साइटवर सुरुवातीला एका पट्टीचा फोटो होता. तो मुलगाच म्हणाला, “मॅडम, पप्पांचं नाव दिसतंय.” आम्ही काढला. शिक्षकाच्या वेबसाइटवर वही दिसावी, फळा दिसावा, हात दिसावेत. चेहरे आणि नावं नकोत. हे ‘चिकित्सक आकलन’ मला बारा वर्षांच्या मुलाने शिकवलं.

आणि पाचवा, जो उघडपणे बोलला जात नाही: कॉलेजांना हे नको आहे. वेबसाइट उघडी असली की दिसतं की ६० छात्राध्यापकांचा एकच पाठ आहे. दिसतं की सरावाच्या तासांपैकी किती खरंच झाले. आपल्या राज्यातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला, २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार उघडकीस आला आणि हजारो उमेदवारांवर कारवाई झाली. कागदावर आंधळा विश्वास ठेवण्याची किंमत महाराष्ट्राने अशी पुन्हा पुन्हा मोजली आहे. तरी आपण अजून बंद फाइल मागतो, कारण बंद फाइल सगळ्यांच्या सोयीची असते. लिहिणाऱ्याच्या, तपासणाऱ्याच्या आणि मान्यता देणाऱ्याच्याही. तिची सोय नसते ती फक्त वर्गात बसलेल्या मुलाची.

हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना एकच सांगते. याच राज्यातल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी हे कधीच जमवलं आहे. रणजितसिंह डिसले यांनी परितेवाडीच्या शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांच्याखेरीज कितीतरी गुरुजी आणि बाई स्वतःच्या ब्लॉगवर कविता, स्वाध्याय, प्रश्नपेढ्या ठेवत आले आहेत, पदरचे पैसे आणि रात्रीची झोप घालून. मी आज विनाअनुदानित शाळेत शिकवते, अडल्यावर तेच ब्लॉग उघडते. यातलं काही त्यांना अध्यापक महाविद्यालयाने शिकवलेलं नाही. महाविद्यालयाच्या बाहेर पडून त्यांनी ते शिकून घेतलं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही किमान अट होणार आहे. चार वर्षं! त्याही चार वर्षांच्या फायलीच होणार असतील तर रद्दीवाल्यांचं अभिनंदन.

तर तुम्ही, जे आत्ता शिकता आहात, परवानगीची वाट पाहू नका. फाइल मागितली तर फाइल द्या, भांडून मार्क घालवू नका. पण स्वतःच्या खात्यावर एक पान आजच उघडा. उद्याच्या पाठाखाली फक्त दोन गोष्टी लिहा: मूल काय बोललं आणि माझं काय फसलं. ते मैत्रिणीला वाचायला द्या.

मी स्वतः पुन्हा सुरुवात केली आहे. आमचे हरवलेले पाठ पाच जणींच्या फोनमधून, जुन्या मेसेजमधून, फोटोंमधून वेचते आहे. सगळं मिळालं नाही. काळविटांचा पाठ मिळाला, सममितीचा अर्धा मिळाला. परीक्षेनंतर परत मिळालेली ती स्पायरलची प्रत, हो, तीही उपयोगी पडली. तिच्यावरून पुन्हा टाइप करते आहे. पहिल्या पानावर सरासरीचा पाठ आहे, आणि त्याच्या खाली सगळ्यात आधी त्या मुलाचं वाक्य आहे. नाव नाही, वाक्य आहे.

शेंगदाण्याचा कागद वडिलांना दाखवला. त्यांनी तो नीट सरळ केला, पाठीमागून पाहिला, पुढून पाहिला. पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा लागतो, त्यामुळे त्यांना ती सवयच आहे. मग विचारलं, “हे तू लिहिलंयस?”

मी म्हटलं, “नाही. कुणीच नाही.”